जेन ऑस्टेन वाचायचीय? मग पोरवयातल्या वह्या आणि लेडी सुझनपासून सुरुवात करा

इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टेन म्हटलं की बहुतेकांना एकच पुस्तक माहीत असतं, 'प्राइड अँड प्रेज्युडिस', एलिझाबेथ आणि डार्सीवालं, आणि तेसुद्धा बऱ्याचदा सिनेमामुळे. ते आवडलं की माणूस उत्साहात पुढचं पुस्तक उचलतो, ते नेमकं 'मॅन्सफील्ड पार्क' निघतं, त्यातली नायिका कोपऱ्यात गप्प बसून असते, शंभर पानं झाली तरी ती काही धड बोलत नाही, आणि मग ऑस्टेनचा नाद तिथेच सुटतो. हे आजूबाजूला इतक्यांच्या बाबतीत होताना बघितलंय की नव्याने वाचणाऱ्यांसाठी एकदा सगळं नीट लिहून काढावंसं वाटलं.

माझं म्हणणं सरळ आहे. ऑस्टेनच्या नायिकांमध्ये 'आवडण्यासारखी कोण' हे शोधत गेलात तर अर्धी ऑस्टेन हातातून निसटते. नायिकेचा हेका, आंधळेपणा, मत्सर, भित्रेपणा हे सगळं ऑस्टेन इतक्या जवळून दाखवते की तिच्या काळात दुसऱ्या कुणाला ते असं जमलेलं नाही. आणि हे तिला एकदम जमलं नाही, त्याची सगळी तालीम तिच्या कमी वाचल्या जाणाऱ्या लिखाणात पडलेली आहे. म्हणून क्रम उलटा लावा: आधी पोरवयात लिहिलेल्या वह्या, मग लेडी सुझन, मग मोठ्या कादंबऱ्या, मग अर्धवट राहिलेली पुस्तकं, आणि सगळ्यात शेवटी 'पर्सुएशन'.

आधी सामान गोळा करू

ऑस्टेनचा जन्म १६ डिसेंबर १७७५ चा, हॅम्पशायरमधलं स्टीव्हन्टन गाव, वडील पाद्री. १८ जुलै १८१७ ला विंचेस्टरला वारली तेव्हा वय फक्त ४१. पूर्ण कादंबऱ्या सहा. त्याशिवाय साधारण १७८७ ते १७९३ या काळात, म्हणजे अगदी पोरवयात लिहिलेल्या तीन वह्या आहेत, 'लेडी सुझन' नावाची छोटी पत्ररूप कादंबरी आहे, 'द वॉटसन्स' आणि 'सँडिटन' या दोन अर्धवट कादंबऱ्या आहेत, आणि पत्रं. पत्रं आज साधारण १६० उरलीत, बाकीची बरीचशी बहीण कॅसँड्राने नष्ट केली.

कॉपीराइट कधीच संपलेला असल्यामुळे यातलं बरंचसं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं आणि लिब्रीव्हॉक्सवर ऐकायलाही मिळतं. पण पहिल्यांदाच वाचत असाल तर माझा आग्रह आहे की पेंग्विन नाहीतर ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्सची मागे टीपा असलेली एडिशन घ्या, सेकंडहँड घेतली तरी चालेल, कारण कुणाकडे कुठली घोडागाडी आहे यावरून त्या माणसाची ऐपत कळते आणि हे टीपांशिवाय आपल्याला कळणार नाही. लेडी सुझन, वॉटसन्स आणि सँडिटन हे तिन्ही एकाच पुस्तकात मिळतात. हस्तलिखितांचे स्कॅनसुद्धा ऑनलाइन आहेत, 'जेन ऑस्टेन्स फिक्शन मॅन्युस्क्रिप्ट्स' असं शोधा, तिने खोडलेल्या ओळी स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतात.

दोन गोष्टी एकदा समजून घ्या म्हणजे पुढे अडायला होत नाही. पहिली नावांची. घरातली थोरली मुलगी नुसती 'मिस' आणि आडनाव, धाकट्यांना मात्र नाव लागतं, त्यामुळे कोणाबद्दल बोलणं चाललंय याचा घोळ होऊ शकतो. दुसरी पैशांची. पुरुषाचं वजन वर्षाच्या उत्पन्नावर ठरतं, मुलीचं मात्र एकरकमी हुंड्यासारख्या पुंजीवर, आणि ती पुंजी सरकारी रोख्यांत ठेवली की वर्षाला चारपाच टक्के सुटतात. 'एमा' कादंबरीची नायिका एमा हिच्याकडे ३०,००० पौंड आहेत, म्हणजे लग्न केलं नाही तरी तिला वर्षाला हजार-दीड हजार पौंड घरबसल्या येणार. आपल्याकडे स्थळ बघताना पगार नि फ्लॅट विचारतात तसंच हे, फक्त तिथे आकडा थेट पुस्तकात लिहिलेला असतो. प्रत्येक नायिकेचा आकडा वहीत टिपून ठेवा. कुणाला कुठली चूक परवडते हे बरंचसं त्या आकड्यावरून समजतं.

पहिला दिवस: तीन वह्या

सुरुवात 'द ब्यूटिफुल कॅसँड्रा'पासून करा. बारा प्रकरणं आहेत पण एकेक प्रकरण दोनतीन ओळींचं, चहा थंड व्हायच्या आत वाचून होतं. टोप्या बनवणाऱ्या बाईची मुलगी, वय सोळा, एका काउंटेससाठी बनवलेली टोपी आवडली म्हणून स्वतःच्याच डोक्यावर घालून घराबाहेर पडते. मिठाईवाल्याकडे सहा आइस्क्रीम खाते, पैसे द्यायला नकार देते, मिठाईवाल्यालाच खाली पाडते आणि निघून जाते. मग घोडागाडी करून हॅम्पस्टेडला जाते आणि पोचल्या पोचल्या परत फिरायला सांगते. सात तासांनी घरी येते, आई छातीशी धरते, आणि पोरगी मनाशी म्हणते, दिवस छान गेला. बास, गोष्ट संपली. ना शिक्षा, ना पश्चात्ताप. त्या काळच्या कादंबऱ्यांत मुलगी जरा वाकडी वागली की तिचं वाटोळं व्हायचं हे लक्षात ठेवून वाचलंत तर या पोरवयातल्या बंडाची किंमत कळेल.

त्यानंतर 'लव्ह अँड फ्रेंडशिप', १७९० चं. (शोधताना थोडं सांभाळा, तिने स्पेलिंगमध्ये आय आणि ई उलटे लिहिलेत आणि छापील पुस्तकांतही ते तसेच ठेवतात.) यातल्या दोघी नायिका उठसूट बेशुद्ध पडतात, आणि त्यातली एक दवात बेशुद्ध पडून पडून आजारी होऊन मरता मरता मैत्रिणीला सल्ला देते की वेड हवं तितक्या वेळा लागू दे, पण बेशुद्ध पडू नकोस. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने हे लिहिलंय! हळव्या नायिकांच्या फॅशनची तिने तेव्हाच पुरती चिरफाड केली होती.

तिसरी वही उघडल्यावर 'कॅथरिन, ऑर द बॉवर' मात्र सावकाश वाचा, हे १७९२ चं, आणि इथे आपल्यासाठी एक खास धागा आहे. कॅथरिनची मैत्रीण मिस विन, आईबाप गेलेली, हातात पैसा नाही, म्हणून नातेवाईक तिला नवरा मिळवायला थेट बंगालला पाठवतात, आणि तिथे दुप्पट वयाच्या, स्वभावाने बऱ्या नसलेल्या माणसाशी तिचं लग्न होतं. हे हवेतून आलेलं नाही. ऑस्टेनची सख्खी आत्या फिलाडेल्फिया १७५२ मध्ये 'बॉम्बे कॅसल' नावाच्या जहाजाने अशीच हिंदुस्थानात आली आणि पुढच्या वर्षी तिने कडलूरला टायसो सॉल हॅनकॉक या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरशी लग्न केलं. त्यांची मुलगी एलायझा १७६१ मध्ये कलकत्त्यात जन्मली, वॉरन हेस्टिंग्ज तिचा धर्मपिता. ही एलायझा पुढे फ्रेंच काउंटची बायको झाली, तो गिलोटिनवर गेला, आणि १७९७ मध्ये तिने जेनच्या भावाशी, हेन्रीशी लग्न केलं. 'लव्ह अँड फ्रेंडशिप' तिलाच अर्पण केलंय. ऑस्टेनच्या चलाख, बोलघेवड्या, पुरुषांना खेळवणाऱ्या बायकांमध्ये एलायझाची छाया आहे असं काही अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं. पण जास्त महत्त्वाचं हे की कॅथरिनमध्ये एक श्रीमंत मुलगी मिस विनच्या लग्नाला नशीब म्हणते आणि कॅथरिन तिथल्या तिथे तिच्याशी वाद घालते. तो संवाद दोनदा वाचा.

आता लेडी सुझन

एक्केचाळीस पत्रं आणि शेवटी छोटासा उपसंहार, एका रविवारी दुपारी आरामात होतं. बहुधा १७९४ च्या आसपास लिहिलं, नंतर स्वच्छ अक्षरात उतरवून काढलं, पण छापलं गेलं १८७१ मध्ये, तिला जाऊन ५४ वर्षं झाल्यावर. नावसुद्धा भाच्याने दिलंय.

सुझन पस्तिशीची विधवा. दिसायला सुंदर, बोलायला गोड, स्वतःचं घर नाही, हातात पैसा नाही, त्यामुळे कायम कोणाच्या ना कोणाच्या घरी पाहुणी. आणि अतिशय वाईट आई. हे सगळं पहिल्या दोन पत्रांत येतं, म्हणून ती दोन शेजारी शेजारी ठेवून वाचा. पहिलं पत्र दिराला: तुम्ही इतक्या प्रेमाने बोलावताय, जाऊबाईंना भेटायची किती ओढ आहे, मुलांनाही भेटायचंय, लेकीला मात्र शाळेत ठेवावं लागतंय म्हणून जिवावर आलंय. दुसरं पत्र जिवलग मैत्रीण ॲलिशियाला, आणि त्यात सगळा पडदा फाटतो: जिथे पाहुणी होती त्या घरच्या नवऱ्याबरोबर हिचं प्रकरण झालंय, घरात युद्ध पेटलंय म्हणून निघावं लागतंय, खेड्यातलं दिराचं घर असह्य आहे पण दुसरा आसरा नाही, आणि मुलगी म्हणजे जन्माची पीडा. दोन्ही पत्रं एकाच बाईची. फक्त सूर बदललाय, आणि तो बदल आपण एकटेच बघतोय.

वाचताना प्रत्येक पत्राच्या वर कोण कोणाला लिहितंय ते आधी बघा, मगच मजकूर. सुझन ॲलिशियाला लिहिते तेव्हाच खरं बोलते, बाकी सगळीकडे नाटक. आणि तुमचं स्वतःचं काय होतंय तेही बघत जा, कारण तिच्या लेकीवर, सोळा वर्षांच्या फ्रेडरिकावर होणारा जुलूम दिसत असूनही तुम्ही सुझनच्या पुढच्या पत्राची वाट बघायला लागता. ॲलिशियाच्या आजारी नवऱ्याबद्दल ती लिहिते की मोहक वाटायला फार म्हातारा आणि मरायला फार तरुण, आणि हे वाचून हसू येतं, मग आपण कशाला हसलो याचा विचार करावा लागतो. ते हसू ऑस्टेनला हवंच होतं.

शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की पत्रं अचानक थांबतात आणि लेखिका स्वतः पुढे येऊन सगळं आटोपतं घेते, तो भाग घाईचा वाटतो आणि आहेच. पत्रांमधून माणसाच्या मनात एका मर्यादेपलीकडे शिरता येत नाही हे तिला इथे कळलं असावं असं मला वाटतं, कारण सहाही पूर्ण कादंबऱ्यांमध्ये तिने पत्रांचा हा साचा ठेवला नाही. सिनेमा बघायचा असेल तर २०१६ चा 'लव्ह अँड फ्रेंडशिप' लेडी सुझनवरचा आहे, नाव मात्र वहीतल्या त्या दुसऱ्याच गोष्टीचं, त्यामुळे गोंधळू नका.

एमा, दोनदा

'नॉर्थँगर ॲबी' हवी तर मधेच वाचून घ्या, हलकीफुलकी आहे, भुताखेताच्या कादंबऱ्या वाचून डोकं फिरलेली सतरा वर्षांची कॅथरिन मोरलंड गोड आहे. ती कादंबरी १८०३ मध्ये १० पौंडांना विकली गेली होती, प्रकाशकाने छापलीच नाही, आणि १८१६ मध्ये तेवढेच १० पौंड देऊन ती परत घ्यावी लागली, शेवटी लेखिका गेल्यावर बाहेर आली. पण तुम्हाला मुख्य थांबायचंय ते एमापाशी.

डिसेंबर १८१५ ला आलेली ही कादंबरी सुरू करताना ऑस्टेन म्हणाली होती म्हणे की माझ्याशिवाय फारशी कुणाला आवडणार नाही अशी नायिका घेतेय, तिच्या भाच्याने लिहून ठेवलंय. एमा वुडहाउस सुंदर, हुशार, श्रीमंत, एकविशीला टेकलेली, आणि तिला खात्री आहे की लोकांची लग्नं आपण जुळवू शकतो, लोकांच्या मनातलं आपल्याला कळतं. एकूण एक अंदाज चुकतो. गंमत अशी की पहिल्या वाचनात आपलेही चुकतात, कारण निवेदन लेखिकेचं वाटतं पण आतला आवाज एमाचा असतो. लेखिका कुठे संपते आणि एमा कुठे सुरू होते याची सीमाच ती पुसून टाकते. पत्रांत जे जमत नव्हतं ते इथे जमलंय.

म्हणून पहिल्यांदा सरळ वाचा, थांबू नका, कुठलाही सारांश आधी शोधू नका. महिन्याभराने पेन्सिल घेऊन परत बसा आणि जिथे जिथे एमाला 'नक्कीच' वाटतं तिथे समासात रेघ मारा. फ्रँक चर्चिल फक्त केस कापायला लंडनला जातो ते प्रकरण, आणि त्याच्या आसपास जेन फेअरफॅक्सच्या घरी येणारा पियानो, हे दुसऱ्या वाचनात वाचताना अंगावर काटा येतो, सगळं समोर ठेवलेलं होतं आणि एमाच्या नजरेने बघत होतो म्हणून दिसलं नाही.

आणि बॉक्स हिलची सहल, प्रकरण ४३. सगळे कंटाळलेत, फ्रँक खेळ काढतो की प्रत्येकाने एक फार हुशारीची गोष्ट सांगायची, नाहीतर दोन बऱ्या, नाहीतर तीन अगदी रटाळ. मिस बेट्स, गरीब, वयस्क, अखंड बडबड करणारी बाई, आनंदाने म्हणते, मग मला काही चिंता नाही, तोंड उघडलं की तीन रटाळ गोष्टी हमखास निघतील. आणि एमाला राहवत नाही. ती म्हणते, पण अडचण अशी आहे की तुम्हाला आकड्याची मर्यादा पडेल, एका वेळी फक्त तीनच.

मिस बेट्सला ते लगेच कळत नाही. कळतं तेव्हा ती रागावत नाही, चेहऱ्यावर जराशी लाली येते, आणि ती एमाच्या जुन्या स्नेह्याकडे, नाइटलीकडे वळून म्हणते की मी गप्प राहायचा प्रयत्न करेन, मी फारच नकोशी होत असणार, नाहीतर इतक्या जुन्या मैत्रिणीला ती असं बोलली नसती. बास इतकंच. ना आरडाओरडा, ना भांडण. नंतर नाइटली एमाला गाडीपाशी गाठून सुनावतो आणि त्याचा मुद्दा पैशाचा आहे: ती तुझ्या बरोबरीची असती तर गोष्ट वेगळी, पण ती गरीब आहे, चांगल्या दिवसांतून खाली आलीये आणि म्हातारपणी अजून खाली जाणार. सुरुवातीला आकडे टिपायला सांगितले ते यासाठी. एमाला लग्नाची गरज नाही हे ती दहाव्या प्रकरणात मैत्रीण हॅरिएटला ऐटीत सांगते, की अविवाहित बाईची कुचेष्टा होते ती फक्त गरीब असली तर, आणि तिथे उदाहरण म्हणून मिस बेट्सच येते. ते प्रकरण आणि हे एकामागोमाग वाचून बघा. एमाचा दोष नुसता स्वभावातला नाहीये, तीस हजार पौंडांच्या उबेत वाढलेला आहे.

मॅन्सफील्ड पार्क, आता

इथवर आलात तर फॅनी प्राइस वाचायची तयारी झाली. १८१४ चं हे पुस्तक, ऑस्टेनने घरच्यांची आणि ओळखीच्यांची मतं स्वतः लिहून ठेवली होती, त्यात तिच्या आईचं मत आहे की फॅनी अगदीच बेचव! दोनशे वर्षं वाचक हेच म्हणतायत. पण फॅनीला गरीब बिचारी म्हणून वाचू नका. दहाव्या वर्षी श्रीमंत मावशीच्या घरी आणून ठेवलेली, खोलीत शेकोटीसुद्धा पेटवून न मिळणारी ही मुलगी सतत सगळ्यांचं मोजमाप करत असते, मेरी क्रॉफर्डवर जळत असते आणि त्या जळण्याला नीतीचं नाव देत असते. पोर्ट्समथची प्रकरणं, ३८ पासून पुढची, सगळ्यात कठोर आहेत: ती स्वतःच्या आईबापाच्या घरी जाते आणि तिथला गोंगाट, मळकी भांडी, आईचा अजागळपणा यांची तिला किळस येते. वाचवत नाही, इतकं खरं आहे. २१ व्या प्रकरणात तीच फॅनी मावशीच्या नवऱ्याला, सर थॉमसना गुलामांच्या व्यापाराबद्दल विचारते आणि खोलीत सगळे गप्प होतात, कुणी विषय पुढे नेत नाही. त्या घराचा पैसा अँटिग्वातल्या मळ्यातून येतो. घाबरट मुलगी, पण प्रश्न तिनेच विचारलाय.

अर्धवट राहिलेली दोन

'द वॉटसन्स' १८०४ च्या सुमारास सुरू केली, जानेवारी १८०५ मध्ये वडील गेले, त्यानंतर सोडून दिली. यात एक जागा कधीच विसरू नका. श्रीमंत नातेवाइकांकडे वाढलेली एमा वॉटसन म्हणते, न आवडणाऱ्या माणसाशी लग्न करण्यापेक्षा मी शाळेत शिकवायला जाईन. थोरली बहीण एलिझाबेथ म्हणते, मी काहीही करेन पण शाळेत शिकवायला जाणार नाही, मी शाळेत राहिलेय, ते आयुष्य काय असतं मला माहितीये, तुला नाही. एका वाक्यात नायिकेचं तत्त्व जमिनीवर. आणि धाकटी बरोबर की थोरली याचा निकाल लेखिका लावत नाही.

'सँडिटन' जानेवारी ते १८ मार्च १८१७, अकरा प्रकरणं पूर्ण आणि बारावं तुटलेलं. स्वतः आजारी असताना तिने हौशी आजारी माणसांवर, समुद्राकाठी नवं हवापाण्याचं गाव वसवून पैसे कमवू बघणाऱ्यांवर हे लिहिलं. यातच वेस्ट इंडीजहून आलेली मिस लँब आहे, सतरा वर्षांची, मिश्र वंशाची, आणि सगळ्यांत श्रीमंत, जिच्याकडे सगळ्यांची नजर लागलीये. ती बोलायच्या आत पुस्तक थांबतं. टीव्ही सिरीज आहे, पण ती जवळपास सगळी नव्याने लिहिलेली आहे, त्यामुळे आधी मूळ पानं वाचा.

शेवटचं काम

'पर्सुएशन' पूर्ण वाचा. ॲन एलियट २७ वर्षांची, आठ वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या सांगण्यावरून वेंटवर्थवरचं प्रेम मोडलं, आणि तेव्हापासून गप्प. गप्प राहणं हाच तिचा दोष. पूर्ण कादंबऱ्यांपैकी फक्त याच पुस्तकाच्या हस्तलिखिताची काही पानं उरलीत, पहिल्या खर्ड्यातली शेवटची दोन प्रकरणं, आणि बऱ्याच चांगल्या एडिशनमध्ये ती मागे परिशिष्टात असतात. जुलै १८१६ मध्ये पुस्तक संपलं होतं. त्या आवृत्तीत ॲनच्या वडिलांचं घर भाड्याने घेतलेला ॲडमिरल क्रॉफ्ट ॲनला रस्त्यात गाठून घरी नेतो आणि तिला ते घर हवं असेल तर आपण भाडेकरार सोडायचा का असं विचारायच्या निमित्ताने वेंटवर्थला तिच्यासमोर उभं करतो, म्हणजे दोघांचं जुळतं ते तिसऱ्यामुळे, ॲनला काही करावंच लागत नाही. ऑस्टेनला ते पसंत पडलं नाही. तिने ते काढून नवी प्रकरणं लिहिली, आजची २२ आणि २३, ज्यात ॲन कॅप्टन हार्व्हिलशी बायकांच्या निष्ठेवर वाद घालते, पुस्तकं पुरुषांनी लिहिलीत तेव्हा पुस्तकांचे दाखले देऊ नका असं ठणकावते, आणि त्याच खोलीत टेबलापाशी बसलेला वेंटवर्थ ते ऐकत ऐकत पत्र लिहितो.

आधी छापील २२ आणि २३ वाचा, लगेच परिशिष्टातलं जुनं प्रकरण वाचा, आणि दोन्हीकडे ॲनच्या तोंडची वाक्यं तेवढी अधोरेखित करून शेजारी ठेवून बघा.